गोव्यात एलएलबीला प्रवेश घेण्याआधी

कॉलेज मिरामारचं असो वा मडगावचं, माहितीपुस्तकातल्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर थांबू नका. नुसती विद्यापीठाची संलग्नता पुरत नाही. कायद्याच्या शिक्षणाचं आणि वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते, आणि ती ठरावीक मुदतीची असते. मंजुरीपत्र मागा. त्यात अभ्यासक्रम, वर्ष आणि जागांची संख्या स्वतः वाचा. 'नूतनीकरण चालू आहे' असं उत्तर आलं तर अर्जाची पोच दाखवायला सांगा. दूरस्थ एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. ती जाहिरात सरळ फेकून द्या.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावीत आणि तीन वर्षांच्याला पदवीत, खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के लागतात.

पदवीनंतर वकील म्हणून नोंदणी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. अर्ज नावावरूनही अडू शकतो: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं 'Naique' असेल आणि गुणपत्रिकेवर 'Naik', तर दुरुस्ती शिकत असतानाच उरकून घ्या. पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही. वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्य नसलेली कायद्यांची मूळ पुस्तकं, नेता येतात; टिपणं लिहिलेली नाहीत.