बेने इस्राएली घरातला शब्बाथ: शुक्रवारी काय उरकून ठेवावं

कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आज घाणा नाही, पण घरात फ्रिज, गीझर, गॅस आणि मोबाइल आहे, आणि यातलं काहीही शुक्रवारच्या सूर्यास्तानंतर हाताळून दुरुस्त करता येत नाही. म्हणून शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, नीट पाळायचा तर सगळा भर शुक्रवारच्या दुपारवर द्यावा लागतो.

सुरुवात गुरुवारी रात्री, किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, शरबतापासून. पाव किलो काळे मनुके धुऊन एक लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी हाताने कुस्करा, दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर मलमलीतून गाळून फ्रिजमध्ये ठेवा. साखर लागत नाही. पाणी वाढवून शरबत पुरवण्याचा मोह टाळा: मनुके पाण्याच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त असायला हवेत, नाहीतर त्यावर द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. दाबल्यावर ओलावा न देणारे, खडखडीत सुकलेले मनुकेही चालत नाहीत. गाळायचं काम शुक्रवारीच संपवा, शब्बाथला गाळणं वर्ज्य आहे. किद्दुशच्या पेल्यात किमान 86 मिलिलिटर मावलं पाहिजे.

स्वयंपाक सूर्यास्ताआधी पूर्ण शिजलेला हवा. ‘मंद आचेवर शिजेल हळूहळू’ हा हिशेब इथे चालत नाही. नारळाच्या दुधातली मटणाची किंवा माशाची आमटी शुक्रवारी रात्रीच संपवा. ती रात्रभर गरम ठेवली तर फुटते आणि मुंबईच्या उकाड्यात बाहेर राहिली तर आंबते. शनिवारी दुपारसाठी गार चांगलं लागणारं करा: तळलेले मासे, उकडलेली अंडी, बटाट्याची सुकी भाजी. गरमच हवं असेल तर शेगडीवर जाड पत्रा टाकून, आच बारीक करून, पत्र्यावर भांडी आधीच ठेवतात. रात्रभर गॅस चालू राहणार, तेव्हा खिडकी उघडी आणि पडदे दूर. तापमानाची खटकी नसलेली विजेची हॉट प्लेट त्याहून बरी, मात्र शब्बाथ लागल्यावर तिचा स्विच कोणीही चालू-बंद करायचा नाही. एकदा गार झालेला रस्सा पुन्हा तापवायला ठेवू नका. सुक्या पदार्थांबाबत आपल्या हझानांना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) आधी विचारून घ्या.

चहाचं वेगळं. पत्ती आचेवरून दुसऱ्या भांड्यात ओतलेल्या गरम पाण्यातही शिजते असं मानतात, म्हणून शुक्रवारी घट्ट कोरा अर्क करून ठेवा. शनिवारी थर्मासमधलं पाणी आधी एका कोरड्या पेल्यात, मग दुसऱ्यात ओता आणि त्यात अर्क व साखर घाला. मटण खाल्लं असेल तर कोराच प्या. दुधासाठी सहा तास थांबण्याची रीत बऱ्याच घरांत आहे.

आता वीज. फ्रिजचा दिवा काढून ठेवा, हे हमखास विसरतं आणि मग दार उघडता येत नाही. कोणते दिवे-पंखे चालू राहणार ते ठरवा किंवा टायमर लावा. गीझर बंद करा आणि गरम पाण्याच्या तोटीला शनिवारी हात लावू नका: तोटी उघडली की टाकीत गार पाणी शिरतं आणि तेही तापतं. मोबाइल बंद करून कपाटात.

दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावतात, जेरुसलेममध्ये 40 मिनिटं आधी. मुंबईत ही वेळ नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या आसपास, तर जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास येते, म्हणून घड्याळातली एकच वेळ धरून चालू नका. काचेच्या पेल्यात तळाला पाणी, वर तेल, त्यावर तरंगती वात. जेवण संपेपर्यंत तेल पुरतं का, हे एखाद्या साध्या दिवशी लावून पाहा. खोबरेल 24 अंशांखाली गोठू लागतं, म्हणून इस्राएलमधल्या दिमोनाच्या हिवाळ्यात ऑलिव्ह तेल घ्यावं. आशीर्वाद आधी की ज्योत आधी, याबाबत घरची चाल पाळा. उशीर झाला तर दिवा लावू नका. उशिरा लावण्यापेक्षा न लावलेला चांगला, कारण तेव्हा आग पेटवणं हाच शब्बाथचा भंग ठरतो.

रात्री किद्दुशच्या वेळी दोन अखंड पाव किंवा दोन अखंड पोळ्या कापडाखाली झाकून ठेवा. तुटकी पोळी त्यात घेऊ नका. शरबतानंतर हात धुवायचे, मग हामोत्सी, म्हणजे भाकरीवरचा आशीर्वाद, म्हणून तुकडा मिठाला लावून वाटायचा.

शनिवारी घोटाळे होतात ते स्वयंपाकघरात. तांदूळ निवडणं, कोथिंबीर साफ करणं ही कामं शुक्रवारचीच. ताटातल्या माशाचे काटे वेचून बाजूला ढीग लावू नका, काट्यावरून मांस सोडवून खा: हवं ते घ्यायचं, नको ते राहू द्यायचं, हाताने आणि लगेच खाण्यासाठी. कोशिंबीर जेवायला बसताना आणि मोठ्या फोडींची करा, कारण बारीक चिरणं शब्बाथला वर्ज्य असलेल्या दळण्यात मोडतं. शरबत सांडलं तर कोरडं फडकं नुसतं वर टाका, घासू नका आणि पिळू नका.

जिथे एरुव (वस्तू नेण्यासाठी वस्तीभोवती आखलेली हद्द) नाही तिथे रस्त्यावर किल्लीसुद्धा नेता येत नाही. तालेथ (प्रार्थनेची शाल) अंगावर घेऊन चाला किंवा सिनेगॉगमध्येच ठेवा, आणि किल्ली पट्ट्याच्या बकलाचा भाग बनवून घ्या.

छातीत दुखणं, लहान मुलाचा वाढता ताप, बाळंतपण, अशा वेळी ताबडतोब फोन करा, गाडी काढा. जीव वाचवण्यापुढे शब्बाथचे नियम बाजूला ठेवायचे असतात, आणि इथे विचारत बसून वेळ घालवणं हीच चूक.

आकाशात तीन तारे दिसले की हाव्दाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी: आधी शरबत, मग सुगंध, मग ज्योत, शेवटी वेगळेपणाचा आशीर्वाद. सुगंधाला लवंग आणि वेलची पुरते, फक्त डबीतली लवंग दर दोनेक महिन्यांनी बदला. ज्योत एकाहून जास्त वातींची असावी, दोन मेणबत्त्या जवळ धरल्या तरी चालतं. तिच्या उजेडात नखं पाहतात. शनिवारी रात्री हाव्दाला राहिलाच तर मंगळवारी सूर्यास्तापर्यंत म्हणता येतो, पण तेव्हा सुगंध आणि ज्योत वगळून, नुसत्या शरबतावर.