काबुली चणे आणि भाज्यांचा मोरोक्कन स्ट्यू, कमी मसाल्यात

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या सगळ्या पट्ट्यात कडधान्य आणि भाज्या एकत्र मंद आचेवर शिजवतात, पोटभरीचं होतं, तेल कमी लागतं आणि फायबर, प्रोटीन दोन्ही मिळतं. करायला सोपं आहे, फक्त कुठली गोष्ट कधी टाकायची हे सांभाळा, चव सगळी त्यात आहे.

चार जणांसाठी २५० ग्रॅम काबुली चणे रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घाला, त्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर सालं मऊ पडतात. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात कुकरला लावा. मातीचं ताजिन, म्हणजे तिकडचं शंकूसारख्या झाकणाचं भांडं, हवंच असं काही नाही, मोरोक्कोतही घरोघरी प्रेशर कुकर वापरतात. चणा दोन बोटांत धरून दाबला की लगेच चेपला गेला पाहिजे, मधे कणी लागली तर अजून शिजवा. टोमॅटो आत्ताच टाकायचा मोह होतो पण नका टाकू, आंबट पडलं की चणे मऊ व्हायला फार वेळ घेतात. आणि शिजवलेलं पाणी कृपया फेकू नका, रश्श्याला अंगचा दाटपणा त्यानेच येतो.

टोमॅटोची तिकडची पद्धत मला फार आवडते. तीन पिकलेले टोमॅटो आडवे अर्धे करायचे आणि कापलेली बाजू किसणीवर घासायची, गर सगळा खाली पडतो आणि साल हातात उरते, उकडून सोलायची भानगडच नाही.

आता जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे ऑलिव्ह ऑइल घ्या, बारीक चिरलेला कांदा मऊ होऊ द्या, मग चार पाकळ्या लसूण, मग एक चमचा जिरेपूड, एक चमचा गोड पॅप्रिका (तिखट नसलेल्या लाल मिरचीची पूड), अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा हळद आणि दालचिनीचा छोटा तुकडा. पॅप्रिका फार पटकन करपते आणि कडू होते, म्हणून टोमॅटोचा गर हाताशी ठेवा आणि वास सुटला रे सुटला की ओता. कडेने तेल दिसेपर्यंत परता. रास अल हानूत मसाला मिळाला तर छान पण मुद्दाम शोधत बसू नका, एवढ्या मसाल्यात काम होतं आणि भाज्यांची चव दबत नाही.

गाजर आणि सलगम आधी, मोठे मोठे तुकडे करून, चणे त्यांच्या पाण्यासकट आणि मीठ घालून झाकण ठेवायचं. दहाबारा मिनिटांनी लाल भोपळा आणि झुकिनी टाका, दोन्ही लवकर शिजतात, सगळं एकदम टाकलं तर भोपळा विरघळून जातो आणि गाजर कच्चं राहतं. सारखं ढवळू नका. रस्सा पातळ वाटला तर थोडे चणे चेचून त्यातच मिसळा, मैदा वगैरे काही लागत नाही. शेवटी कोथिंबीर, पार्सली आणि लिंबाचा रस.

चण्यांऐवजी पांढरे बीन्स घेतले तर लुबियाच्या, म्हणजे तिकडच्या पांढऱ्या बीन्सच्या रश्श्याच्या, जवळ जातं. पण बीन्स भिजवल्यावर आधी दहा मिनिटं खळखळून उकळा, अर्धवट शिजलेल्या बीन्सनी पोट बिघडतं, लाल राजम्याला तर हे अगदी मस्ट आहे.

सोबत खोब्ज, म्हणजे तिकडचा गोल ब्रेड, तुकडा मोडून त्यानेच रस्सा उचलून खातात. किंवा कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे, जो परंपरेने स्ट्यूच्याच वाफेवर वरच्या भांड्यात शिजवतात, २०२० मध्ये अल्जीरिया, मोरोक्को, मॉरिटानिया आणि ट्युनिशिया या चौघांच्या नावावर तो युनेस्कोच्या वारसा यादीत आला. तिखट हवं असेल तर हरिसा वेगळी वाटीत द्या, सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि ऑलिव्ह ऑइलची ती पेस्ट पातेल्यात टाकली तर कमी तिखट खाणाऱ्यांची पंचाईत होते.

उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी घट्ट होतं, गरम करताना थोडं उकळतं पाणी घाला आणि लिंबू पुन्हा पिळा.