डेंग्यूच्या रेप्लिकॉनमधला बदल: उजेडाचे आकडे कसे वाचायचे

डेंग्यू विषाणूचा जीनोम म्हणजे सुमारे 10,700 अक्षरांची एकेरी आरएनए साखळी. तिचा एखादा तुकडा प्रती काढायला लागतो का, हे तपासायला अख्खा विषाणू हवाच असं नाही, रेप्लिकॉन, म्हणजे स्वतःच्या प्रती काढणारा विषाणूचा अर्धवट आरएनए, पुरतो. त्यात कवचाची जनुकं काढून ल्युसिफरेज या उजेड पाडणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलेलं असतं. प्रती निघतात, विषाणूचे कण बनत नाहीत. मात्र कॅप्सिड या कवचाच्या प्रथिनाच्या जनुकाची सुरुवात राखावी लागते, कारण साखळीची दोन टोकं जुळवणारा क्रम तिथेच आहे.

आधी 'मेलेला', म्हणजे प्रती काढूच न शकणारा, नमुना तयार ठेवा. एनएस5 प्रथिनातल्या ग्लायसीन-अ‍ॅस्पार्टेट-अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लांच्या तिकडीतले दोन्ही अ‍ॅस्पार्टेट बदलून अ‍ॅलनीन केले की पॉलिमरेज, म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं यंत्र, बंद पडतं. एकच अक्षर बदललं तर ते उलटून पूर्ववत होण्याची भीती जास्त.

ल्युसिफरेज 6, 24, 48 आणि 72 तासांनी मोजा. 6 तासांचा उजेड प्रतींचा नव्हे, आपण पेशीत घातलेल्या आरएनएच्या भाषांतराचा, म्हणजे त्यावरून प्रथिन बनण्याचा. मेलेल्या नमुन्यातही तो दिसतो आणि पुढे विझत जातो. 48 तासांचा आकडा भागिले 6 तासांचा, हे गुणोत्तर मेलेल्या नमुन्याशी ताडून पाहा, आलेख लॉग मापावर काढा. 6 तासांनाच आकडा पडलेला असेल तर प्रतींबद्दल काहीही बोलू नका: आरएनए तुटला असेल, पेशीत कमी गेला असेल किंवा भाषांतरच अडलं असेल. जेलवर आरएनए पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता टोकांची जुळणी. पुढच्या टोकाकडची दोन-तीन अक्षरं बदला: उजेड मेलेल्या नमुन्याइतका खाली. फक्त मागच्या टोकाकडची बदला: तेच. दोन्हीकडे एकमेकांना पूरक बदल केल्यावर उजेड परतला, तर महत्त्व जोडीला आहे, त्या ठरावीक अक्षरांना नाही. या तिसऱ्या नमुन्याशिवाय केलेला दावा आम्ही अर्धाच धरतो.

'मूक' बदलही निरुपद्रवी समजू नका. अमिनो आम्ल तेच राहिलं तरी आरएनएची घडी मोडू शकते. कमजोर नमुना 72 तासांनंतर एकदम उजळला, तर पेशींतून आरएनए काढून क्रम वाचा. बहुतेकदा बदल उलटलेला किंवा दुसरीकडे भरपाई झालेली सापडते. आणि एकाच आरएनएच्या प्लेटमधल्या तीन विहिरी (खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. आरएनए तीनदा वेगळा बनवा.

शेवटी हेच नमुने डासाच्या सी6/36 पेशींत 28 अंशांवर चालवा. सस्तन पेशींत 37 अंशांवर मेलेला बदल तिथे तगला, तर दोष तापमानाचा की यजमान पेशीचा हे आधी सोडवावं लागेल. त्यासाठी सस्तन पेशी थोड्या कमी तापमानावर ठेवून पुन्हा मोजा.