जुन्या शाळेत जाताना

मार्चमध्ये जाऊ नका. दहावीच्या बोर्डाची धामधूम असते, शाळा परीक्षा केंद्र असेल तर शिपाईमामा फाटकातूनच परत लावतात. मला लावलं होतं, हातात पेढ्यांचा बॉक्स असताना. आमच्या साताऱ्यात कंदी पेढ्यांशिवाय कुणाकडे जात नाहीत. तो बॉक्स मग मीच एसटीत संपवला.

शनिवार बघा. सकाळची शाळा लवकर सुटते, सर-बाई जरा निवांत असतात. आधी ऑफिसात सांगा, मग स्टाफरूम. दारातून "ओळखलं का सर?" असं अजिबात विचारू नका. बिचारे कसनुसं हसतात. सरळ सांगा: "सर, दहावी ब, 2021ची बॅच, खिडकीजवळचा तिसरा बाक." बाक सांगितला की आमच्या गणिताच्या सरांना आडनावही आठवलं, आणि त्रिकोणमितीत मी घातलेला गोंधळही.

सर तुम्हाला दहावीच्या वर्गात उभं करणारच. "खूप अभ्यास करा" हे पोरांनी हजारदा ऐकलंय. त्यापेक्षा माहितीचं बोला. मी सांगितलं की दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, मी तसाच गेलो. मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "दादा, होस्टेलला मोबाईल चालतो?"

दाखल्याची दुसरी प्रत हवी असेल तर जुन्या दाखल्याची झेरॉक्स न्या. त्यावर जनरल रजिस्टर नंबर असतो, क्लार्कभाऊंचं शोधायचं काम वाचतं. पेढे त्यांनाही द्या.