गोठ्यात नव्याने काम सुरू करताना: आधी गाय बघा, मग गोठा

दुग्धव्यवसायात गोठा पर्यवेक्षक, पशुवैद्यकांचे सहायक किंवा पशुकल्याण तपासनीस म्हणून नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी यादी मागतात. पंखे किती, टाक्या किती, मॅट आहेत का, छताची उंची किती. ही यादी लागतेच, पण तिच्यातून फक्त मालकाने काय विकत घेतलंय ते कळतं. ते गाईच्या उपयोगी पडतंय का, हे गाईकडे बघूनच ठरवावं लागतं. १९६५ साली ब्रिटनमधल्या ब्रँबेल समितीने जनावराला किमान उभं राहता, बसता, वळता, अंग चाटून साफ करता आणि पाय ताणता आले पाहिजेत असं म्हटलं होतं. पुढे तिथल्याच पशुकल्याण परिषदेने त्याला भूक-तहान, वेदना, भीती वगैरेंपासून मुक्तता जोडून पाच स्वातंत्र्यांचं रूप दिलं. तरी नवख्याने सुरुवात करावी ती याच उठण्या-बसण्यापासून.

गोठ्यात शिरायच्या आधी दहा मिनिटं बाहेर थांबा. अनोळखी माणूस आत आला की बसलेल्या गाई उठतात, आणि मग मोजायला काही उरत नाही. धार काढून, वैरण खाऊन साधारण दोन तास झाले असतील ती वेळ धरा. निरोगी दुभती गाय दिवसात १० ते १४ तास बसून काढते आणि सात-आठ तास रवंथ करते. म्हणून अशा निवांत वेळी बसलेल्यांपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. कप्प्यांचा मुक्त गोठा (गाई मोकळ्या फिरतात, बसायला मात्र एकेका गाईचे कप्पे असतात) असेल तर कप्प्यात असलेल्या गाईंपैकी बसलेल्या किती ते मोजा. १०० पैकी ८५ च्या वर आकडा असेल तर बसायची जागा गाईंना पसंत आहे असं समजायला हरकत नाही.

उभ्या असलेल्या गाईंकडे मात्र जास्त वेळ बघा. पुढचे दोन पाय कप्प्यात आणि मागचे दोन मागच्या गल्लीत, अशा उभ्या असतील तर मानेवरचा आडवा दांडा फार मागे आलाय किंवा कप्पा आखूड आहे. काही गाई आडव्या किंवा थेट गल्लीतल्या शेणात बसतात. त्यांना नवखे ‘घाणेरडी सवय’ म्हणतात, पण बहुतेक वेळा कप्पा त्या गाईच्या मापाचा नसतो.

एखादी गाय उठताना नीट बघा. ती आधी पुढच्या ढोपरांवर येते, डोकं पुढे आणि खाली झोकते, त्या झोकावर मागचा भाग उचलते आणि शेवटी पुढचे पाय सरळ करते. डोकं झोकायला समोर जागा नसेल (भिंत, आडवा पाइप, आखूड दावं) तर ती अडखळते, दोन-तीनदा प्रयत्न सोडून देते किंवा घोड्यासारखी आधी पुढच्या पायांवर उठते. अशी उठणारी गाय दिसली की मोजपट्टी काढा. गाई दाव्याला बांधायच्या गोठ्यात दाव्याची लांबी आणि गव्हाणीच्या कठड्याची उंची हे दोनच नेहमीचे गुन्हेगार असतात.

बिछाना तपासायला उपकरण लागत नाही. उभ्याने एकदम गुडघ्यांवर बसा. कळ आली तर गाईच्या पाच-सहाशे किलोंना तिथे काय होत असेल ते कळेल. मग अर्धा मिनिट तसेच थांबा. पँट ओली झाली तर बिछाना बदलायला झालाय. रबरी मॅटबद्दल आमचं मत फार चांगलं नाही. ती घसरणं कमी करते, पण ओल शोषत नाही आणि पुरेशी मऊही नसते, त्यामुळे वर भुसा किंवा तूस टाकावंच लागतं. वीतभर खोल कोरडी वाळू मिळत असेल तर तिच्यासारखं काही नाही, कारण वाळूत जंतूंना खायला काही नसतं. तिचा त्रास शेण उपसण्याच्या यंत्राला होतो, गाईला नाही. जागा कडक असल्याची खूण मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर दिसते. आधी तिथले केस जातात, मग साल निघते आणि शेवटी सूज येते.

आता लंगडेपणा. दुभत्या गाईचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित दुखणं हेच. रोज त्याच गाई बघणाऱ्या माणसाला त्या सगळ्या ‘अशाच चालतात’ असं वाटत असतं. मालकाने सांगितलेल्या संख्येपेक्षा मोजून सापडणाऱ्या लंगड्या गाई जवळजवळ नेहमीच जास्त निघतात. त्यात त्याचा खोटेपणा नसतो, नजर सरावलेली असते इतकंच.

बघायची जागा सपाट, कडक आणि न घसरणारी हवी. धारेच्या जागेतून गाई परत जाताना बाजूने बघा आणि प्रत्येकीची चार-पाच पावलं तरी पाहा. रांगेत शेवटी येणाऱ्यांवर खास लक्ष ठेवा, कारण दुखऱ्या पायाची गाय मागे पडते. गुण १ ते ५ असे देतात. उभी असताना आणि चालताना पाठ सरळ असेल तर १. उभी असताना सरळ, पण चालताना पाठीला बाक येत असेल तर २. दोन्ही वेळा बाक आणि पावलं आखूड असतील तर ३. एखादा पाय उघड जपत असेल तर ४. त्या पायावर भार टाकायलाच तयार नसेल तर ५. नवख्यांना ४ आणि ५ पहिल्याच दिवशी ओळखता येतात. नोकरी टिकते ती २ आणि ३ ओळखण्यावर, कारण उपचार स्वस्त आणि खात्रीचे तिथेच असतात. अनुभवी माणसाबरोबर त्याच २० गाईंना स्वतंत्रपणे गुण द्या, मग ताडून बघा. बांधलेल्या गाई चालवून बघता आल्या नाहीत तर एकाच पायावरून वारंवार भार हलवणं, एक पाय टेकवून न टेकवल्यासारखा ठेवणं आणि खुराची कडा ओट्याच्या धारेवर टेकवून उभं राहणं या खुणा धरा.

कारण शोधताना एक चूक हमखास होते. आज गाय लंगडते म्हणून लोक या आठवड्यात काय बदललं ते शोधत बसतात. तळव्याची जखम मात्र बहुतेकदा दोन-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेली असते. विण्याच्या सुमारास खुरातलं हाड धरून ठेवणारे बंध सैल होतात. व्याल्यानंतर गाय खंगली तर खुरातली चरबीची गादीही पातळ होते. त्यात तिला सिमेंटवर तासन्‌तास उभं राहावं लागलं की हाड तळव्याच्या मऊ भागावर दाबतं आणि तिथे तयार होणारं शिंगद्रव्य (खुराचा कठीण थर) खराब होतं. ते झिजत वर यायला आठवडे जातात. म्हणून लंगड्या गाईच्या नावापुढे व्याल्याची तारीख लिहा. शरीरगुण म्हणजे अंगावरच्या मांस-चरबीला दिलेले गुण. त्यांच्या १ ते ५ च्या मापात गाय ३ ते ३.२५ वर व्यावी आणि पुढे अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू नये. ही नोंद पायांच्या वहीतच ठेवलेली बरी.

उपचारात खूर तासणं, खुराच्या दोन नख्यांपैकी निरोगी नखीला ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीचा भार काढणं आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदनाशामक या तिन्ही गोष्टी लागतात. खुरे बुडवायच्या हौदाचा तळव्याच्या जखमेवर काही उपयोग होत नाही. तो टाचेजवळच्या कातडीच्या संसर्गासाठी असतो. त्यातही हौद ३ मीटर लांब आणि द्रावण १० सेंटीमीटर खोल असेल तरच प्रत्येक पाय दोनदा बुडतो. मोरचूद ५ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो. दोनेकशे गाई गेल्या की ते द्रावण नसतं, शेणकाला असतो. वापरलेलं मोरचूद त्याच त्याच जमिनीत ओतत राहिलं तर तांबं साठून जमीन बिघडते, हे औषध विकणारा सांगत नाही.

धारेच्या वेळी हात आणि घड्याळ दोन्हींकडे बघा. प्रत्येक सडातून तीन-चार धारा गडद रंगाच्या कपात काढायच्या, म्हणजे गुठळ्या दिसतात. मग सड औषधात बुडवून अर्धा मिनिट थांबायचं आणि प्रत्येक गाईला वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. पहिल्या स्पर्शापासून ६० ते ९० सेकंदांत यंत्र लागलं तर ते पान्ह्यावर लागतं. त्याआधी लागलं तर रिकाम्या सडावर ओढ बसते आणि गाय लाथ मारते. तिला खोडकर ठरवून पाय बांधण्याआधी हे सेकंद मोजा. आरडाओरडा आणि मार यांनी पान्हा चोरला जातो तो घाबरलेल्या गाईच्या अंगात ॲड्रेनालिन वाढल्यामुळे. धार संपल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो. तेवढा वेळ गाय उभी राहावी म्हणून ताजी वैरण तेव्हाच टाकायची.

पाण्याचं थोडक्यात. दर लिटर दुधामागे तीन ते पाच लिटर पाणी लागतं आणि त्यातला मोठा वाटा धारेनंतर लगेच प्यायला जातो. मुक्त गोठ्यात एकच टाकी असेल तर दांडगी गाय तिच्यापुढे ठाण मांडते, म्हणून दोन जागा हव्यातच.

उन्हाचा ताण कुशीवर मोजायचा. श्वासाबरोबर होणारी कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर आकडा गेला तर गाय तापतेय. गुदद्वारातलं तापमान ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस हवं. नुसतं धुकं फवारून वारा नसेल तर हवा दमट होऊन उलट घुसमट वाढते. मोठ्या थेंबांनी कातडीपर्यंत भिजवायचं, पाणी बंद करायचं आणि पंख्याने वाळू द्यायचं. असं आलटून पालटून. पंखे गव्हाणीवरच लावून ठेवतात आणि गाई बसायच्या जागी वारा पोचत नाही, ही चूक तर सर्रास दिसते. मग गाई वाऱ्यासाठी उभ्या राहतात आणि त्याचा हिशेब पुढे पायांवर निघतो.

वासरासाठी चिकाची वेळ महत्त्वाची. वजनाच्या १० टक्के, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर चिक, पहिल्या दोन-तीन तासांत. २४ तासांनी आतडं त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं जवळजवळ शोषतच नाही. ब्रिक्स मापकावर (चिकाचा कस मोजायचं साधन) २२ च्या खालचा चिक पहिल्या पाजण्याला वापरू नका. शिंगाचे कोंब जाळायचे तर कवटीला चिकटायच्या आत, पहिल्या दोन महिन्यांत, आणि पशुवैद्यकाने भूल दिल्यावरच. भूल काही तासांत उतरते, दुखणं मात्र त्यानंतरही राहतं. म्हणून वेदनाशामकही सोबत मागून घ्या.

माणसांची वागणूकही मोजता येते. गाय गव्हाणीशी असताना समोरून दोन मीटरवरून हात पुढे करून सेकंदाला एक पाऊल या गतीने जा आणि ती मान मागे घेईल तेव्हाचं अंतर लिहा. बऱ्याच गाई मीटरभर आधीच मागे सरत असतील तर शेपट्या चाचपून बघा. मुरगळलेल्या शेपटीतली गाठ बोटांना लागते, आणि ‘आमच्याकडे कोणी मारत नाही’ या वाक्याची शहानिशा तिथेच होते.

अहवालात ‘गोठा अस्वच्छ’ असं लिहू नका, त्यावर मालक वाद घालतो. ‘४० पैकी १४ गाईंच्या मांड्या शेणाने माखलेल्या, त्यातल्या ९ मागच्या ओळीतल्या, जिथे गटाराचा उतार उलटा आहे’ असं लिहिलं की गवंडी बोलावला जातो. एका वेळी एकच बदल सुचवा आणि परत मोजायची तारीख तिथेच ठरवा. बिछान्याचा परिणाम बसलेल्या गाईंच्या आकड्यात आठवड्यात दिसतो, सांध्यांवरचे केस यायला महिना-दीड महिना लागतो, आणि लंगडेपणाचे गुण तीन महिन्यांच्या आत ताडून बघण्यात अर्थ नाही.