जुन्या जपानी कॉपी गिटारचे मूळ शोधताना या चुका टाळा

लेस पॉल किंवा स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध अमेरिकी गिटारींच्या घाटाची, पण हेडस्टॉकवर (खुंट्या असलेल्या वरच्या टोकावर) अनोळखी नाव असलेली १९७० च्या दशकातील गिटार हाती आली, की बहुतेक जण प्रथम त्या नावाचा माग काढू लागतात आणि पहिली चूक तिथेच होते. त्या काळातील जपानी कॉपी गिटारवरचे नाव सहसा विकणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नव्हे. इबानेझ हे नागोया येथील होशिनो गाक्की या व्यापारी पेढीचे नाव, तर ग्रेको हे कांदा शोकाईचे. या दोन्ही नावांच्या अनेक गिटारी मात्सुमोतो येथील फुजिगेन गाक्कीच्या कारखान्यात तयार झाल्या. आरियाच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी त्याच शहरातील मात्सुमोकूने बनवल्या. शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनवणारा हा कारखाना अमेरिकेतील युनिव्हॉक्स आणि इलेक्ट्रा या नावांसाठीही गिटारी बनवत असे. तो १९८७ मध्ये बंद पडला. ब्रिटनमध्ये अँटोरिया या नावाने विकली गेलेली अनेक वाद्ये तर इबानेझची सख्खी भावंडे आहेत. म्हणून नावावरून आधी आयातदार आणि त्या आयातदारावरून त्या-त्या वर्षीचा पुरवठादार कारखाना, अशा दोन पायऱ्यांनीच शोध घ्यावा लागतो. एकच नाव वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालावर लागलेले असू शकते, हेही विसरू नये.

पत्त्यावर विश्वास ठेवणे ही त्याच जातीची दुसरी चूक. १९७० च्या सुमारास एपिफोन या अमेरिकी नावाच्या गिटारींचे उत्पादन अमेरिकेतून जपानला गेले, तरी आतल्या निळ्या लेबलवर कलामाझू, मिशिगन हेच गाव छापलेले राहिले. त्याच लेबलवरील ‘मेड इन जपान’ ही अक्षरे न वाचता गिटार अमेरिकी ठरवणारे मालक आजही भेटतात. याउलट, जपानचा उल्लेख कुठेच नसणे हाही ती जपानी नसल्याचा पुरावा नव्हे, कारण अनेकदा तो केवळ कागदी स्टिकरवर असे आणि चाळीस-पन्नास वर्षांत तो निघून गेलेला असतो.

‘लॉसूट गिटार’, म्हणजे कोर्टात दावा झालेली गिटार, हे विशेषण विक्रेते इतक्या सढळ हाताने वापरतात, की त्याला पुरावा म्हणून काहीही किंमत उरलेली नाही. गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एल्गर या होशिनोच्या अमेरिकी शाखेवर दावा लावला. वाद मुख्यतः हेडस्टॉकच्या, उघड्या पुस्तकासारख्या दिसणाऱ्या वरच्या कडेचा होता, आणि १९७८ मध्ये तो न्यायालयाबाहेर मिटला. इबानेझने आपल्या हेडस्टॉकचा आकार त्याआधीच बदलला होता. गंमत अशी, की त्याच नॉर्लिनच्या एपिफोन गिटारी तेव्हा मात्सुमोकूमध्येच बनत होत्या. तेव्हा कोणत्याही जपानी कॉपीला हे विशेषण लावल्याने तिचा कारखानाही कळत नाही आणि वर्षही कळत नाही.

क्रमांकाच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. इबानेझच्या १९७५ पासूनच्या क्रमांकात पहिले अक्षर महिना दाखवते (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर) आणि पुढचे दोन अंक वर्ष. त्यामुळे ‘एफ ७६’ ने सुरू होणारी गिटार जून १९७६ ची ठरते. मात्र हीच किल्ली इतर नावांच्या कुलपांना लावून पाहणे चुकीचे आहे. अनेक स्वस्त गिटारींवर क्रमांकच नसतो, आणि जिथे तो नेकप्लेटवर (नेक, म्हणजे गिटारची मान, बॉडीला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) कोरलेला असतो तिथे चार स्क्रू काढून ती प्लेट कोणीही बदलू शकतो. ‘स्टील रिइन्फोर्स्ड नेक’ असे कोरलेली प्लेट पाहून कारखाना ओळखल्याचा आनंद मानू नये. तशा प्लेट अनेक नावांच्या गिटारींवर सापडतात.

खरी माहिती बहुधा लाकडात आणि धातूत असते. नेक स्क्रूने जोडलेली असेल, तर तारा पूर्ण सैल करून ती उतरवावी, आणि उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. जपानी स्क्रूंची खाच नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरशी नेमकी जुळत नाही. जोर लावला तर तो निसटतो आणि स्क्रूचे डोके खराब होते, म्हणून जपानी मानकाचा, जिस खाचेचा स्क्रूड्रायव्हर वापरावा. नेकच्या टाचेवर आणि बॉडीतील तिच्या खाचेत शिक्के किंवा पेन्सिलीच्या खुणा असू शकतात. त्या धूळ समजून पुसून टाकणारा माणूस पुरावाच नष्ट करतो. लेस पॉलच्या कॉपीत नेक चिकटवण्याऐवजी स्क्रूने जोडलेली असेल, तर ती सहसा दशकाच्या पूर्वार्धातील असते. पण तेवढ्यावरून कारखाना हलका ठरवू नये, कारण एकाच कारखान्यातून दोन्ही पद्धतींची वाद्ये बाहेर पडली आहेत. बॉडीचा फुगीर वरचा भाग बोटाने वाजवून पाहावा. काही कॉपींत तो दाबून वाकवलेल्या प्लायवूडचा असून खाली पोकळी असते, त्यामुळे आवाज पोकळ येतो.

मग पिकअप (तारांची कंपने टिपणारे भाग) आणि पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग) तपासावेत. फुजिगेनच्या अनेक गिटारींत निश्शिन ओन्पा या कंपनीचे मॅक्सन पिकअप असतात. पॉटवर १३७ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो सीटीएस या अमेरिकी कंपनीचा आहे, आणि जपानी कॉपीत तो आढळला तर तो भाग बहुधा नंतर बदललेला आहे. पॉटवरच्या तारखेचा अर्थ इतकाच, की ते सर्किट त्याआधी जोडले गेले नसेल. गिटार त्याच आठवड्यात बनली असे त्यातून सिद्ध होत नाही.

पुरावे एकमेकांशी जुळले नाहीत, तर सर्वांत आवडलेला पुरावा निवडण्याचा मोह आवरावा. नेक आणि बॉडीवरील तारखांत काही महिन्यांचे अंतर असले, तर ते कारखान्यातील साठवणुकीमुळे असू शकते. अंतर काही वर्षांचे असेल, तर दोन गिटारींपासून एक गिटार झाली आहे असे समजावे, आणि विकताना नोंदीत दोन्ही तारखा लिहाव्यात.