चिवट प्रदूषकांची नोंद ठेवताय? गच्चीवरच्या या चुका टाळा

डीडीटी आणि लिंडेन ही कीटकनाशके किंवा जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी, यांसारखी चिवट, म्हणजे वर्षानुवर्षे न विघटणारी, सेंद्रिय प्रदूषके हवेत अगदी अल्प असतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ती आवरायची ठरवली, भारताने तो २००६ मध्ये मान्य केला. बंदीचा परिणाम झाला का, हे कळायला वर्षानुवर्षांची नोंद लागते. म्हणून ऐरोली-रबाळ्याच्या गच्चीवर हवेचे आणि पावसाचे नमुने घेताना झालेली एक चूक पुढच्या दहा वर्षांची तुलना बिघडवते.

सर्वांत जास्त घोटाळा पावसात होतो. ०.१ चौरस मीटरच्या नरसाळ्यावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, की २० लिटर पाणी जमते. ठाण्यात जुलैत असा दिवस येऊ शकतो. बाटली ५ लिटरची असेल तर पाणी वाहून जाते आणि तुमच्याकडे उरतो तो मुख्यतः सुरुवातीचा, हवा धुऊन आणलेला पाऊस. आकडा फुगतो. त्यामुळे मोठी बाटली घ्या किंवा पाणी प्रदूषके धरून ठेवणाऱ्या राळेच्या नळीतून गाळा, आणि शेजारी पर्जन्यमापक हवाच. जून-जुलैच्या आकड्यांची साधी सरासरी काढू नका, प्रत्येक नमुन्याला त्या वेळी पडलेल्या पावसाच्या प्रमाणात महत्त्व द्या. ही संयुगे भांड्याच्या भिंतीला चिकटतात. प्लास्टिक टाळाच, पण काचेची बाटलीही द्रावकाने विसळून ते द्रावक नमुन्यात मिळवा. पाणी ओतून बाटली धुऊन टाकणे म्हणजे निम्मे काम गटारात सोडणे.

हवेसाठी स्टीलच्या दोन वाडग्यांमध्ये प्रदूषके शोषणारी फोमची चकती साधारण तीन महिने टांगतात. शेजारी ट्रान्सफॉर्मर, जनरेटर किंवा नुकतेच वॉटरप्रूफिंग केलेली गच्ची नको. सोसायटीच्या वॉचमनकाकांना सांगून ठेवा: वाळवीची फवारणी झाली तर वहीत तारीख लिहा. आकडा अचानक उसळला, तर आधी ही वही उघडा, मग तुलनेसाठीची कोरी चकती तपासा. कोरी चकती गच्चीवर नेऊन, उघडून, लगेच बंद करून आणलेली असावी. प्रयोगशाळेतच ठेवलेली चालणार नाही.

मे महिन्यात आकडा वाढला म्हणून घाबरू नका. उन्हाने जुन्या मातीतली, भिंतींतली संयुगे पुन्हा हवेत येतात. मे ची तुलना मागच्या मे शीच करा.

प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलायचीच असेल, तर किमान एक पूर्ण वर्ष जुनी आणि नवी दोन्ही एकत्र चालवा. मोजमर्यादेखालच्या, म्हणजे यंत्राला मोजता येणाऱ्या किमान प्रमाणाहून कमी, आकड्याला शून्य लिहू नका, मर्यादा लिहा. यंत्र सुधारले की ती मर्यादा खाली सरकते, आणि शून्य लिहिलेल्या वर्षांपुढे नवे आकडे खोटी वाढ दाखवतात.